शेवटचं अक्षर आधी

फुटपट्टीच्या बोर्डाला अस्तराचा, म्हणजे रंगाखालचा पहिला हात दिल्यापासून घरातल्या तिघांनी तिला एकेकटं गाठून एकच गोष्ट सांगितली होती. "तुझ्यावर कुणाचाही दबाव नाही," असं वकीलकाका जिन्यात म्हणाला, आत्या लॉन्ड्रीच्या काउंटरवर म्हणाली आणि बाबा तर चक्क बाथरूमच्या दाराबाहेर उभं राहून म्हणाला. तेव्हापासून फुटपट्टीचं कशातच लक्ष लागत नव्हतं.

आज रविवार होता आणि संध्याकाळी सहाला कॉलेजचा फॉर्म बंद होणार होता. दोन वर्षं सगळे विषय थोडे थोडे चाखून झाले, आता एक मुख्य विषय निवडायचा. त्याच्या खालच्या चौकटीत 'पदव्युत्तर शिक्षण व पुढील दहा वर्षांचा आराखडा' तीनशे अक्षरांत लिहायचा. फॉर्म भरलाच नाही, तर ज्या विषयाकडे कुणी फिरकत नाही तो विषय कॉलेज आपण होऊन देणार होतं. यंदा तो कीटकशास्त्र होता. फुटपट्टी झुरळ दिसलं की खुर्चीवर चढायची.

तिचं अडलं होतं ते मार्कांपाशी. भूगर्भशास्त्र, संख्याशास्त्र आणि भाषाशास्त्र, तिन्हीत तिला एकाहत्तर होते. एकात जरी पासष्ट असते तरी मुलीचं भलं झालं असतं. कॉलेजने तिची कल चाचणी घेतली, तर तिच्या हातात कागद आला की ती गिर्यारोहण मार्गदर्शक किंवा तुरुंग अधीक्षक होण्यास योग्य आहे. मार्गदर्शक बाईंनी सगळं ऐकून घेतलं, घड्याळ पाहिलं आणि 'मनाचा कौल घे' म्हणाल्या. तिने घेऊन पाहिला. मनही एकाहत्तर मार्कांचंच निघालं.

दुसऱ्या कुठल्या घरात ही गोष्ट फॉर्मवर मिटली असती. या घरात ती बोर्डावर जायची.

आबा, म्हणजे फुटपट्टीचे आजोबा, साठ वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवत आले होते. नात जन्मली त्या दिवशी हॉस्पिटलात खिशातली लाकडी फुटपट्टी काढून त्यांनी तिला मोजलं होतं आणि "पावणेदोन फूट, बाकी ठीक" असं जाहीर केलं होतं. तेच नाव तिला चिकटलं. आबांच्या धंद्यात एक नियम होता: शेवटचं अक्षर आधी. पहिलाच बोर्ड त्यांनी डावीकडून ऐसपैस सुरू केला होता आणि 'भांड्यांचे दुकान' मधला 'न' बोर्डावर मावेना म्हणून शेजारच्या न्हाव्याच्या भिंतीवर काढावा लागला होता. तेव्हापासून ते उजव्या कडेला शेवटचं अक्षर आधी बसवायचे आणि मग मागे मागे येत बाकीची अक्षरं उरलेल्या जागेत कोंबायचे. त्यानंतर एकही अक्षर बोर्डाबाहेर गेलं नाही.

मुलांच्या बाबतीतही त्यांनी हाच नियम लावला. मुलाने विषय निवडायची वेळ आली की आबा त्याच दिवशी बोर्ड करून टाकायचे. वरच्या ओळीत नाव, खालच्या ओळीत पुढे जे होणार ते. शिकायचं नंतर. शिवाय आबांच्या हातून 'ज्ञ' असा काही उतरायचा की परगावचे पेंटर तो बघायला येत. त्यामुळे घरातला प्रत्येक जण कसला ना कसला तरी तज्ज्ञ होता. आणि एकदा रंगवलेला बोर्ड कधी पुसायचा नाही, हा त्यातला सगळ्यात कडक नियम.

थोरला काका, म्हणजे वकीलकाका, कायदेतज्ज्ञ. कायद्याच्या परीक्षेत तो तीनदा आपटला, पण बोर्ड आधीच दारावर लागला होता. लोक भांडणं घेऊन येत. तो तासभर ऐकून घ्यायचा आणि "मिटवून टाका" म्हणायचा. तीस वर्षांत एकही माणूस तक्रार घेऊन परत आला नव्हता. आत्या हवामानतज्ज्ञ. वर्षभर हवामानशास्त्र शिकून तिने लॉन्ड्री काढली आणि बोर्ड तिथेच टांगला. पाऊस येईल का विचारायला लोक येतात, ती वाळत घातलेल्या शर्टाची बाही चाचपते आणि सांगते. बरोबर सांगते. राहता राहिला बाबा. तो यंत्रतज्ज्ञ, आणि त्याचा बोर्ड तेवढा खरा झाला. तो लिफ्टचा इंजिनिअर होता. आठव्या मजल्यावरच्या लिफ्टची तपासणी करायला तो जिन्याने चढून जायचा. गुडघ्यांना व्यायाम होतो म्हणायचा.

तीन वाजता सगळे दुकानामागच्या खोलीत जमले. खोलीत टर्पेंटाइनचा वास होता. एका भिंतीवर आबा साठ वर्षं ब्रश पुसत आले होते, त्यामुळे त्या भिंतीला चार बोटं जाड रंगाचं पोट सुटलं होतं. मधोमध स्टँडवर फुटपट्टीचा बोर्ड उभा होता. गडद निळी जमीन, वर पिवळ्या अक्षरांत तिचं नाव, त्याला लाल सावली. खालची ओळ कोरी.

आबा बाहेर नळावर रंगाचे डबे धूत होते. या वर्षी त्यांचा हात थरथरायला लागला होता आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. डोळ्यांच्या दवाखान्यात नर्स असलेली त्यांची सून, म्हणजे फुटपट्टीची आई, महिनाभर ऑपरेशनसाठी मागे लागली होती. "आधी नातीचा बोर्ड," आबा म्हणायचे. "तो शेवटचा. मग काय कापायचं ते कापा." ही ओळ आपल्यामुळे अडली आहे, हे फुटपट्टीला विषयापेक्षाही जास्त टोचत होतं.

"तर प्रश्न एवढाच आहे," वकीलकाकाने सुरुवात केली, "की पोरीला काय हवंय."

"मग तिला विचारायचं का?" आई म्हणाली.

"विचारू की. शेवटी. आधी बाकीच्यांचं ऐकून घेऊ."

असं म्हणून त्याने स्टुलामागून कागदाची एक लांब गुंडाळी काढली. "मी आपलं सहज करून ठेवलंय." त्याच वेळी आत्याने पिशवीतून एक गुंडाळी काढली आणि बाबाने छत्रीतून एक. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघेही बोर्डाच्या दुकानात लहानाचे मोठे झालेले. तिघांनीही मोठ्या कागदावर अक्षरं काढून त्यांच्या कडेकडेने सुईने भोकं पाडून आणली होती. असा कागद बोर्डावर धरायचा, वरून खडूच्या पुरचुंडीने थोपटायचं, की भोकांतून ठिपके उमटतात आणि ठिपक्यांवरून ब्रश फिरवला की झालं. काकाच्या कागदावर 'भाषातज्ज्ञ' होतं, आत्याच्या 'भूगर्भतज्ज्ञ' आणि बाबाच्या 'संख्यातज्ज्ञ'.

"दबाव नाही म्हणे," आई पुटपुटली.

कागद गुंडाळले जाऊ नयेत म्हणून फुटपट्टीने बॅगेतून एक करडा दगड काढून त्यांच्यावर ठेवला. तेवढंच काम तिच्या वाट्याला आलं होतं.

"भाषा शिकली की कायदा येतो," काका म्हणाला. "कायदा म्हणजे शेवटी काय, शब्दच."

"तू तीनदा आपटलास ते शब्दांवरच ना, दादा?" आत्या म्हणाली.

"म्हणून तर सांगतोय. माझा पाया कच्चा राहिला."

"त्यापेक्षा जमिनीचं शिकू दे. मी वर बघते, ही खाली बघेल. मधलं जग दुसऱ्यांनी सांभाळावं."

"संख्याशास्त्राला नोकऱ्या आहेत," बाबा म्हणाला.

"तुला आहे ना नोकरी? मग रोज संध्याकाळी तोंड असं का असतं तुझं, धाकट्या?"

"माझ्या तोंडाचा विषय नाही चाललेला."

पहिला अर्धा तास काका आणि आत्या एका बाजूला होते. शब्द चालतील, दगडही चालतील, पण आकडे नकोत, असं त्यांचं ठरलं. मग काकाने सहज आत्याच्या कागदाकडे बघून तिचा 'भ' गुडघ्यात वाकलाय असं म्हटलं आणि सगळंच फिसकटलं. आत्या ताडकन उठून बाबाच्या शेजारी जाऊन बसली. "आकडेच बरे," ती म्हणाली. "आकड्यांना इस्त्री लागत नाही." बाबाला आनंद व्हायला हवा होता, पण बहीण आपल्या बाजूला आली की आपलं काहीतरी चुकतंय हे तो लहानपणापासून जाणून होता. तो मुकाट्याने खिडकीपाशी सरकला. काकाने लगेच त्याच्या खांद्यावर हात टाकला.

एवढ्यात चष्मेवाला आला. चौकात त्याचं चष्म्यांचं दुकान होतं आणि 'थोड्याच वेळात येतो' एवढाच एक छोटा बोर्ड त्याने करायला टाकला होता, त्याला पंधरा दिवस झाले होते.

"त्या बोर्डाअभावी मला दुकान सोडून कुठे जाता येत नाही," तो म्हणाला.

"मग आत्ता कसे आलात?" आईने विचारलं.

चष्मेवाल्याने यावर विचार केला नव्हता. तो स्टुलावर बसला. "इथे काय चाललंय?" त्याने विचारलं आणि पाच मिनिटांत तो घरच्यांच्या वर आवाज चढवून बोलू लागला. त्याचं मत भाषेकडे झुकलं होतं. का, ते त्यालाही सांगता येईना.

"मी जरा बोलू का?" फुटपट्टी म्हणाली.

"बोल की," तिघेही म्हणाले आणि पुन्हा आपापसात भांडू लागले.

चार वाजता काकाने तीस वर्षांच्या अनुभवातून तोडगा काढला. तिघांचेही कागद बोर्डावर एकामागून एक थोपटायचे, प्रत्येकाचा खडू वेगळ्या रंगाचा. काका पिवळा, आत्या लाल, बाबा पांढरा. तिन्ही शब्द एका वेळी समोर दिसतील, मग तुलना करून दोन पुसू. "कुणावर अन्याय नको," तो म्हणाला. हे सगळ्यांना पटलं, आणि त्या खोलीत एखादी गोष्ट सगळ्यांना पटली होती तिथेच खरं तर सावध व्हायला हवं होतं.

ठिपके उमटले. तिघांनीही आबांच्या शिस्तीत शेवटचं अक्षर आधी बसवलेलं, त्यामुळे 'तज्ज्ञ' तिघांचंही एकावर एक अगदी तंतोतंत बसलं. डावीकडे मात्र पिवळे, लाल आणि पांढरे ठिपके एकमेकांत असे मिसळले की कुठला कुणाचा ते सांगता येईना.

"आता बसून नीट तुलना करू," काका हात झटकत म्हणाला. "झालं."

"झालं?" दारातून आबा म्हणाले. हात पुसत ते आत आले, सरळ बोर्डापुढे बसले, हात टेकायची काठी डाव्या हातात घेतली आणि कुणी काही म्हणायच्या आत भरलेला ब्रश उजव्या कडेला टेकवला.

आणि आबांचा ब्रश बोर्डाला टेकला की कुणी चकार शब्द काढायचा नाही, ही या घरातली आणखी एक रीत. आजी हयात असताना तिने एकदा त्यांना मध्येच हाक मारली होती. ते एका शाळेचा बोर्ड करत होते. त्या शाळेच्या नावात 'जेवायला चल' हे शब्द आठ दिवस राहिले.

सगळे जागच्या जागी थांबले. काकाने खिशातून खडू काढला, खाली बसला आणि जमिनीवर लिहिलं: 'थांबवायचं का?'

आत्याने त्याच्याखाली लिहिलं, 'तूच थांबव.' सवयीने तिने अक्षरांना सावलीही दिली.

बाबाने टोकदार, सरळ अक्षरांत लिहिलं, 'आत्ता तज्ज्ञच चाललंय. ते तिघांचंही आहे. बघू.'

हे तिघांनाही पटलं. उजवीकडून 'ज्ञ' उतरत होता. हात थरथरत होता, पण ब्रश टेकायच्या क्षणी कसा कोण जाणे तो थांबायचा. पोट भरलं, शेपटी वळली, आणि फुटपट्टी नकळत एक पाऊल पुढे सरकली. एवढं सुंदर अक्षर आपल्या नावाखाली, आणि आपण कशातही तज्ज्ञ नाही.

काकाने जमिनीवर आत्याला उद्देशून 'मूर्ख' लिहायला घेतलं. त्यात त्याची चार मिनिटं गेली. आत्याने वाकून बघितलं आणि रफार छान आलाय अशी मान हलवली. चष्मेवाल्याने खडू मागून घेतला आणि 'माझं कधी?' असं लिहिलं. त्याचं अक्षर बघून तिन्ही भावंडांनी डोळे मिटून घेतले.

तोवर आबा 'त' संपवून डावीकडे गेले होते. आईने फुटपट्टीच्या कानाला तोंड लावलं. "त्यांना रंग नाहीत दिसत," ती कुजबुजली. "त्यांना सगळे ठिपके सारखेच." मग तिने उघड पाऊल पुढे टाकलं, पण काकाने तिचा हात धरला आणि जमिनीकडे बोट दाखवलं. तिथे त्याने नुकतंच लिहिलं होतं: 'अर्ध्यात थांबवलं तर त्यांना काय वाटेल?'

हा एकच प्रश्न त्या दुपारी कुणीतरी दुसऱ्याचा विचार करून विचारला होता. म्हणूनच तो महागात पडला. कुणीच थांबवलं नाही.

आबा दिसेल तो ठिपका ठिपक्याला जोडत गेले. पाच वाजून वीस मिनिटांनी त्यांनी ब्रश खाली ठेवला, दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "वाचा."

'तज्ज्ञ' लखलखीत होतं. त्याच्या आधी एक प्रचंड, देखणं, कुणीही कधीही न पाहिलेलं काहीतरी होतं. एका अक्षराला दोन काने आणि तीन पोटं. त्याच्यावरचा रफार कुणाच्या डोक्यावर आहे ते कळत नव्हतं. कुठेही रंग ओघळला नव्हता.

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला. "कशाची ते कळत नाही," तो शेवटी म्हणाला, "पण मोठी तज्ज्ञ दिसते. हा बोर्ड मला दुकानात द्याल का? जो म्हणेल मला वाचता येतोय, त्याला ताबडतोब चष्मा."

कुणी हसलं नाही. "काय झालंय?" आबांनी विचारलं. आईने त्यांना खांद्याला धरून स्टुलावर बसवलं आणि काय झालं ते सरळ सांगितलं, रंगांसकट.

"म्हणजे माझा शेवटचा बोर्ड कुणालाच वाचता येणार नाही," ते म्हणाले.

फुटपट्टी त्यांच्यापुढे जमिनीवर बसली, नेमकी 'मूर्ख' वर. "माझ्यामुळे झालं, आबा. मला ठरवता आलं असतं ना, तर हे झालं नसतं. सगळ्यांना ठरवता येतं, मलाच येत नाही."

"सगळ्यांना कुठे येतं?" खिडकीपाशी उभा असलेला बाबा म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "मला लिफ्टची भीती वाटते."

सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"गुडघ्यांचं काही नाही. दार बंद झालं की मला श्वास घेता येत नाही. पहिल्या दिवसापासून. बावीस वर्षं जिने चढतोय मी. आणि तरी तिच्यासाठी कागद टोचून आणला, बघ."

"कधी बोलला का नाहीस?" आबांनी विचारलं.

"बोर्ड झाला होता ना."

मग वकीलकाका खाकरून म्हणाला की त्याचं काही दुःख नाही, पण तिसऱ्यांदा आपटल्यावर बोर्ड निदान घराच्या आत तरी घ्यायला हवा होता. आत्या म्हणाली की तिचं उत्तम चाललंय आणि तिला कुणी यात ओढू नये. पण तिने उठून धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि या दोघांना इतक्या जवळ उभं राहिलेलं फुटपट्टीने याआधी पाहिलं नव्हतं.

तिने मान वर केली. समोर दुकानाचं दार उघडं होतं आणि दारावरची पट्टी दिसत होती. तिथे दोन खिळे होते. नेहमीच नुसते खिळे होते. गावभर बोर्ड लावणाऱ्याच्या दुकानाला बोर्ड नाही, यावर घरात वर्षानुवर्षं थट्टा चालायची. कुणी म्हणायचं आबांना वेळ मिळत नाही, कुणी म्हणायचं त्यांना गरज नाही.

"आबा, तुमचा बोर्ड कुठाय?" तिने विचारलं.

आबांनी ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवला, जाड भिंतीवर पुसला, परत बुडवला.

"करायला घेतला होता," ते म्हणाले. "लग्नाच्याही आधी. वर नाव काढलं. खाली काय लिहायचं ते कळेना. पेंटर लिहिलं असतं तर पेंटरच होऊन बसलो असतो."

"मग काय व्हायचं होतं तुम्हाला?"

"तेच तर ठरत नव्हतं. म्हटलं, ठरेपर्यंत दोन-चार बोर्ड करू." त्यांनी बोटांवरचा रंग पाहिला. "मला फार त्रास झाला गं त्याचा. रोज सकाळी ते दोन खिळे बघायचे. पोरांनी असं लोंबकळत राहू नये म्हणून तुमचे सगळ्यांचे आधीच करून टाकले. मला वाटलं मी तुम्हाला सोडवलं."

फुटपट्टीने त्यांचा हात धरला.

"पावणेसहा झाले," आई म्हणाली. तिने टेबलावरचे कागद बाजूला केले, दगड उचलला आणि लेकीच्या दुसऱ्या हातात ठेवला. "हा तू जवळ का बाळगतेस?"

"ते काही नाही. सहलीला गेलो होतो ना. सरांनी सांगितलं की दगड रेताड गाळाचा आहे की चिकणमातीचा ते डोळ्यांनी कळत नाही. तुकडा दातांखाली धरायचा. करकरला तर गाळाचा."

"मग?"

"कुणीच धरेना. मी धरला."

"करकरला?"

"हो." फुटपट्टीला हसू आलं. त्या दिवशी ती घरी येईपर्यंत दात करकरत होते आणि तिने चूळ भरली नव्हती, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ताही सांगितलं नाही.

तिला खात्री वाटली असं नाही. मन अजूनही एकाहत्तरावरच होतं. पण बाकी दोन विषय कुणी तिला चावायला दिले असते तर तिने आधी धुऊन घेतले असते, एवढं मात्र तिला कळलं. तिने फोन काढला आणि विषयाच्या चौकटीत भूगर्भशास्त्र भरलं.

"आता?" आत्या म्हणाली. "मी बाजू बदलल्यावर?"

दहा वर्षांच्या आराखड्यापाशी फुटपट्टी पुन्हा अडली. तिने बोर्डाकडे बघितलं, त्या तीन पोटांच्या अक्षराकडे, आणि लिहिलं: 'शेवटचं अक्षर अजून बसवलेलं नाही. दोन वर्षं दगड बघेन. पुढचं त्यानंतर कळवेन.' पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी तिने फॉर्म पाठवला. अर्ज मिळाल्याचा निरोप आला आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. ती वकीलकाकाने चष्मा खाली ओढून मोठ्याने वाचली. "'विषय बदलायचा असल्यास पहिल्या सहा महिन्यांत अर्ज करता येईल.' असं कलम आहे? आणि हे कुणी वाचलंच नव्हतं?"

कुणीच वाचलं नव्हतं. महिनाभर घर डोक्यावर घेतलं होतं आणि खालपर्यंत एकानेही वाचलं नव्हतं.

"बदलता येतं?" आबांनी विचारलं.

"येतं, आबा."

"दिल्यानंतरसुद्धा?"

"हो."

आबांनी मान वळवून दारावरच्या त्या दोन खिळ्यांकडे पाहिलं. बाबा त्यांच्या शेजारी येऊन उभा राहिला. चष्मेवाला उठला, दुकान बघून थोड्याच वेळात येतो म्हणाला आणि गेला. त्याला ते तोंडाने सांगता आलं, हे त्याच्याही लक्षात आलं नाही.

"तो बोर्ड पुसू का?" काकाने दबकत विचारलं.

"नको," फुटपट्टी म्हणाली. "माझा आहे तो. मला हवाय."

"फुटपट्टे, त्या कोपऱ्यातली फळी काढ," आबा म्हणाले. "मोठी. कपाटामागची."

ती फळी साठ वर्षं कपाटामागे होती. काढताना तिच्यावरून धुळीचा थर सुटला आणि खाली वरच्या कडेला आबांचं नाव दिसलं, तरण्या, दिमाखदार हाताने काढलेलं. अक्षरं जागोजागी उडाली होती. खालची ओळ कोरी होती.

"हिला सगळीकडून अस्तराचा हात दे," आबा म्हणाले. "नावावरूनसुद्धा."

"पण शेवटचा बोर्ड झाला ना?"

"तो तुझा झाला. हा माझा."

"काय लिहायचं याच्यावर?"

"वाळू दे आधी. किती दिवस लागतील?"

"दोन."

"दोन दिवसांत ते ठरायचं नाही," आबा म्हणाले आणि सुनेकडे वळले. "सूनबाई, ते ऑपरेशन आधी करून टाका. या खेपेला काय लिहितोय ते मला दिसायला हवं."

आईने डोळ्यांना पदर लावला आणि लगेच दवाखान्याला फोन करायला बाहेर गेली. काका, आत्या आणि बाबा फळीची तीन टोकं धरून उभे राहिले आणि तिघेही एकदमच, इथून सुरू कर, असं सांगू लागले. फुटपट्टीने ब्रश अस्तरात बुडवला आणि डावीकडून सुरुवात केली.